दुपारची विश्रांती

"मेलं ते बूच! फिरता फिरेना. मग बसली मी मग्गा घेऊन उपसत. तवाची गेली कंबर, अजून सरळ नाही झाली."

अनुसयाकाकू हे कोणालाच सांगत नव्हती. समोर लाल भोपळा होता, त्याला सांगत होती. आज तिच्या शेजारणीचं वर्षश्राद्ध. ऊन चढायच्या आत स्वयंपाक उरकायचा म्हणून उजाडताच बायका कामाला लागल्या होत्या. या घरची सून रत्नमाला हातभर अंतरावर पत्रावळी पुसत होती. कानावर पडलं म्हणून तिनं सहज विचारलं,

"कायचं बूच, काकू?"

"अवं, तुमच्याच कूलरचं. तुही सासू गेली त्या दिवशी. मीच नाही का पाह्यलं तिले पहिल्यांदा? सायंकाळचा भोंगा झाला, ताकाचा गंज घेऊन आली, तं ही अशी पडलेली. परल्हादले फोन लावला. तो येईपर्यंत नुसतं बसून काय करावं? मयताच्या घरात साठवणीचं पाणी ठेवू नये. माठ ओतला, पिंप ओतलं, न्हाणीतलं टाकं ओतलं. मग म्हटलं, कूलरातलं तरी कायले ठेवा? पाणी ते पाणी!"

रत्नाच्या हातातली पत्रावळ तशीच राहिली.

"कूलरात पाणी होतं?"

"होतं म्हंजे? काठोकाठ होतं बाई! थोडं असतं तं माही कंबर कायले गेली असती?"

काकूनं भोपळ्याच्या बिया ओढून काढल्या आणि मिरच्या मागितल्या. तिच्या लेखी गोष्ट संपली होती. मयताच्या दुसऱ्याच दिवशी मुलगा तिला पुण्याला घेऊन गेला होता, ती परवा परतली. या घरात वर्षभर काय शिजलं ते तिला ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

शिजलं होतं ते एकच वाक्य. टाकी कोरडी होती.

अकोल्याचा वैशाख पूर्वीही काही सज्जन नव्हता, पण आता त्यानं लाजच सोडली आहे. दुपारी उन्हाचा भोंगा होतो. माणसांनी घरात शिरायचं, ते सायंकाळचा भोंगा होईपर्यंत बाहेर तोंड काढायचं नाही. लग्नंसुद्धा पहाटेची लागतात. मागच्या वैशाखात रत्ना भाचीच्या लग्नाला मूर्तिजापूरला गेली आणि दुपारच्या भोंग्यात तिकडेच अडकली. निघताना सासूच्या खोलीतल्या कूलरची टाकी तिनं भरली होती का? भरली असणार. उन्हाळाभर रोज भरायची ती. पण रोजचं काम हात करतात आणि डोक्याला कळवत नाहीत.

तिचा नवरा प्रल्हाद घरी पोचला, त्यानं टाकीत डोकावलं आणि काकू तिच्या घरी गेल्यावर घरच्या माणसांसमोर म्हणाला, "टाकी कोरडी हाय." एवढंच. खोटंही नव्हतं ते. टाकी खरंच कोरडी होती, कारण काकूनं ती घटकाभरापूर्वीच उपसली होती. पण कोरड्या टाकीचा अर्थ लावायला घरात माणसं कमी नव्हती. रत्नानंही तोच लावला. आठवत नाही, म्हणजे भरली नसेल. म्हातारी माणूस घरात एकटी, आणि सून टाकी न भरता लग्नात मिरवायला गेली.

ही गोष्ट घराबाहेर जाऊ दिली नाही, हा आपला मोठेपणा असं सगळ्यांना वाटे. घरात मात्र ती रोज वाढली जाई. आज सकाळीच पिंड मांडले तेव्हा रत्नानं कावळ्याच्या पानाशेजारी पाण्याची वाटी ठेवली, तर नणंद कुंदा म्हणाली, "माणसाले पाजलं नाही वहिनी, आता कावळ्याले कायले पाजता?"

रत्नानं मान खाली घातली होती. कावळाही आला नाही. वैशाखात आता कावळेही फिरकत नाहीत, पण कुंदानं त्याचाही हिशेब रत्नाच्याच नावावर मांडला.

टाकी काठोकाठ होती.

आपल्याला आता रडू येईल, असं रत्नाला वाटलं. आलं नाही. ती एकेक गोष्ट मोजत गेली. टाकी भरलेली होती, कूलर नवा होता, वीज गेलेली नव्हती. मग सासू, सगळ्यांची माय, मेली कशानं?

कूलरचं शास्त्र वऱ्हाडात पोरांनाही कळतं. पंप टाकीतलं पाणी चढवून गवताच्या ताट्या ओल्या ठेवतो. पंखा बाहेरची कोरडी हवा त्या ओल्या ताट्यांतून ओढतो. पाण्याची वाफ होते, आणि वाफ व्हायला लागणारी उष्णता पाणी त्या हवेकडूनच उकळतं. हवा हात चोळत खोलीत येते, गार होऊन. माणसाचं अंगही तसंच चालतं. प्यालेलं पाणी ही त्याची टाकी आणि घाम ही ताटी. पण म्हातारपणी तहान कळत नाही, झोपेत तर नाहीच. बाहेरची हवा अंगापेक्षा तापलेली असताना बंद खोलीतला कूलर थांबला, की झोपलेलं म्हातारं माणूस आतल्या आत शिजत जातं. ओरडत नाही. कुणाला त्रास देत नाही.

प्रल्हादचे वडील पत्र्याचे कूलर ठोकायचे. दर पावसाळ्यात दुकानामागे सडक्या कूलरचा ढीग साचे आणि प्रल्हादला त्या ढिगाची लाज वाटे. त्यातून त्यानं 'फेरा' ही कंपनी काढली. कूलर विकायचा नाही, भाड्यानं द्यायचा. पाऊस लागला की परत आणायचा, सुटा करायचा, मोटरीची तार नव्यानं भरायची, ताट्या बदलायच्या आणि पुढच्या पाडव्याला दुसऱ्या घरी पाठवायचा. भंगार म्हणून काही उरवायचंच नाही. गोष्ट चांगली होती. रत्नाला तिचा अभिमान होता, हे लपवण्यात काही हशील नाही.

पण अशा धंद्याचं एक दुखणं असतं. विकणारा विकून मोकळा होतो. फेऱ्याचा माल कायम बाहेर असतो, परक्याच्या खिडकीत, उन्हात, खाऱ्या पाण्यात, आणि तो धड परत आला तरच पुढचा फेरा. म्हणून बाहेरची खबर देणारं यंत्र आणलं. त्याचं नाव 'चाहूल'. ते सहा वारे वाचायचं: सरकार, बाजार, समाज, तंत्र, कायदा आणि निसर्ग. कायद्यांचे मसुदे, तांब्याचे भाव, लग्नाच्या तिथी, लोकांच्या तक्रारी, येणारं ऊन, सगळं चाळून ते सांगायचं की धंद्यानं आता काय करावं. प्रत्येक वाऱ्याला एक माणूस नेमला होता. रत्नाकडे समाज होता. लोकांचं बायकांना जास्त कळतं, असं यंत्राचा इंजिनीयर भूपेश खंडारे याचं मत. बाकीचे पाच वारे पुरुषांकडे होते, त्यांना बहुधा लोकांचं कळायची गरज नव्हती.

मागच्या वर्षी चाहूलनं एक गोष्ट हेरली. मोटरी रोजच्या वापरानं जळत नव्हत्या, अतिकडक दुपारीच जळत होत्या. खारपाणपट्ट्यातल्या पाण्याचे क्षार पंपावर बसतात, पंप अडखळतो, आणि वरून ऊन असं की तारेवरचा लेपच सुटतो. तेवढी दुपार मोटर बंद राहिली तर तिचं आयुष्य दुप्पट. त्यात परतीचा नवा कायदा येऊ घातला होता: मोटर जिवंत परत आली तर कंपनीला सवलत, मेलेली आली तर दंड. सहाही वारे एकाच दिशेला वाहत होते. चाहूलनं सुचवलं, ऊन हद्दीबाहेर गेलं की कूलर आपोआप थांबवा. भूपेशनं या सोयीला नाव दिलं 'विश्रांती'.

मोटरीच्या बाजूनं बघाल तर हिशेब अगदी बिनचूक होता. संताप येतो तो त्याचाच.

एका वॉर्डात चाचणी सुरू झाली, ती अजून चालू होती. वॉर्ड यांचाच, पण चाहूलच्या नकाशावर यांचं घर पांढरं दिसे. हिरवं म्हणजे विश्रांतीत, पांढरं म्हणजे वगळलेलं. त्यामुळे रत्नाच्या मनात कधी काही आलं नाही. सुतक संपवून ती कामावर गेली तेव्हा समाजाच्या वाऱ्यात निघालं होतं, 'तक्रारी घटल्या. समाज शांत.' ते तिनंच सगळ्यांना वाचून दाखवलं होतं.

जेवणं उरकली आणि दुपारचा भोंगा झाला. आता सायंकाळपर्यंत कोणी हलणार नव्हतं, तेव्हा कंपनीची बैठक इथेच घ्यायची हे आधीच ठरलं होतं. सगळे मायच्या खोलीत बसले, कारण घरातली थंड खोली तीच. भिंतीवर मायचा फोटो, ताजा हार. खिडकीत तोच कूलर. माय त्याला जावई म्हणायची. "खिडकीत बसते, घटाघटा पाणी पेते, घर भरून गर्जते. जावई नाही तं काय?" म्हणायची आणि त्याच्याकडेच तोंड करून झोपायची.

प्रल्हाद लोडाला टेकला. कुंदाचाही कंपनीत वाटा होता, ती भावाशेजारी. अनुसयाकाकू खाटेच्या टोकाला पेंगत होती. भूपेशनं समोरच्या भिंतीवर नकाशा उमटवला.

"सरकार अनुकूल. बाजारात तांबं चढतंय, म्हणजे आपली प्रत्येक मोटर सोन्याची. कायदा पुढच्या महिन्यापासून लागू. निसर्ग कडक."

"कडक म्हंजे किती?" प्रल्हादनं विचारलं.

"उद्यापासून आठवडाभर, आजवरचं सगळ्यात कडक. मोटरींना इतका धोका कधीच नव्हता. म्हणून चाहूल म्हणते, विश्रांती उद्यापासूनच लावा, अख्ख्या जिल्ह्यात. समाजात अपेक्षित प्रतिसाद, सौम्य गैरसोय. फक्त तुमचा होकार हवा, दादा."

नकाशाखाली एक शब्द लुकलुकत होता: होकार?

सौम्य गैरसोय. रत्नानं मायच्या फोटोकडे पाहिलं.

कुंदा नकाशा न्याहाळत होती. तिला त्यातलं फारसं कळत नसे, म्हणून ती रंगच बघायची. "दादा, आपल्या वॉर्डात सारं हिरवं, अन् आपल्याच घरावर हे पांढरं कायचं?"

"ते राहू दे," प्रल्हाद म्हणाला. जरा घाईनं म्हणाला.

"ते वगळलेलं घर आहे, ताई," भूपेश म्हणाला. त्याला कोणी काही विचारलं की फार आनंद होई.

"पहिलेपासूनच ना?" रत्नानं विचारलं.

"छे! पहिलं घर तर हेच. दादाच म्हणाले होते, सुरुवात आपल्या घरापासून. बाकीचा वॉर्ड मागून."

"अन् सुरुवात कवा झाली?"

"ऊन लवकर चढणार असं दिसलं, म्हणून ठरल्यापेक्षा आधीच केली. तुम्ही तेव्हा लग्नाला..." भूपेशचा आवाज जरा खाली आला.

"वगळलं कवा?"

भूपेशनं प्रल्हादकडे पाहिलं. प्रल्हादनं सतरंजीकडे.

"बोल ना. यंत्राले इचारू का?"

"माय गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी," भूपेश म्हणाला.

समाजाच्या वाऱ्याला एक लहानसा अधिकार होता. तक्रार आली की घर वगळायचं, तक्रार मिटली की परत घ्यायचं. आजवर रत्नानं तो लोकांसाठी वापरला होता. तिनं मांडीवरची चाहूलची पाटी उघडली आणि आपल्या घरावर बोट ठेवलं. भिंतीवरचा पांढरा ठिपका हिरवा झाला. खिडकीतल्या जावयानं एक हिसका दिला, घरघरला आणि थांबला.

चालता कूलर थांबला की जी शांतता पडते ती ज्यांनी ऐकली आहे त्यांनाच कळेल. आतापर्यंत आपण ओरडून बोलत होतो, हे माणसाला तेव्हा समजतं.

"रत्ना, काय करून रायली तू? सुरू कर."

"मी कायले करू? त्याची विश्रांती झाली की तो आपोआप सुरू होते. बसा."

"डोकं फिरलं का तुहं?"

"बसा म्हटलं ना!" या घरात इतका मोठा आवाज तिनं कधी काढला नव्हता. काकू दचकून जागी झाली. "भोंगा झाला हाय. बाहेर जाता येत नाही, अन् खिडकी उघडाल तं भट्टी आत येईल. माय बी अशीच होती या खोलीत. तुम्ही तं जागे हात, जेवलेले हात, चार जणं हात. ती एकटी होती अन् झोपेत होती."

थोड्याच वेळात खोलीनं रंग दाखवला. वरचा स्लॅब ऊन खाली सोडू लागला. भूपेशच्या सदऱ्याची पाठ भिजली. कुंदानं पदरानं वारा घ्यायला सुरुवात केली, पण तो वाराही तोंडावर वाफ मारावी तसा. रत्ना उठली, एक फडकं माठात बुडवून तिनं काकूच्या डोक्यावर ठेवलं, तांब्याभर पाणी तिच्या हातात दिलं आणि विचारलं,

"काकू, आता साऱ्यांसमोर सांगा. त्या दिवशी कूलरात पाणी होतं?"

"सकाळीच नाही का सांगतलं? काठोकाठ. मीच उपसलं ना, परल्हाद यायच्या आधी. काहून वं, नव्हतं उपसायचं?"

कुंदाचा पदर थांबला. "तुम्ही उपसलं?"

"मग कोण उपसन? तू होतीस का तिथं?"

कुंदानं वहिनीकडे पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदाच तिला वहिनीकडे नीट पाहता येईना.

"मले काय माहीत?" प्रल्हाद म्हणाला. "मी आलो तवा टाकी कोरडी होती. माह्या डोयानं पाह्यली मी."

"पाह्यली. खरं हाय. मग घर काहून वगळलं?"

प्रल्हादनं कपाळावरचा घाम पुसला.

"टाकी कोरडी होती, बायको भरायले विसरली, यंत्राचा काही दोष नव्हता. मग दुसऱ्याच दिवशी, मायची राख गरम असताना, आपलं घर काहून वगळलं?"

"वहिनी, शास्त्रीय दृष्टीनं पाहिलं तर..." भूपेशनं घसा साफ केला. "थेट संबंध लावता येत नाही. वय होतं, रक्तदाब होता. अनेक घटक असतात."

"घटक!" रत्ना गर्रकन वळली. "मोटरीवर मीठ बसते ते तुह्या यंत्राले दिसते. तारेचा लेप कवा सुटते ते दिसते. दिल्लीत कोण्या कागदावर काय लिवलं ते दिसते. अन् कूलरासमोर निजलेलं माणूस सहा वाऱ्यांतल्या एकातही नाही? कुठं ठेवलं होतं तू मायले? माह्या वाऱ्यात ना? तक्रारीत? अरे, मेलेलं माणूस तक्रार करत नाही! म्हणून तक्रारी घटल्या. म्हणून समाज शांत. अन् मी, मी ते वाचून दाखवलं तुम्हाले, अन् तुम्ही चहा पेले त्याच्यावर!"

तिला धाप लागली. घाम डोळ्यांत उतरत होता, तो तिनं पुसला नाही.

"त्या आठवड्यात आपल्या वॉर्डात आणखी किती घरचे माठ ओतले गेले, कोणी पाह्यलं? माणूस मेलं म्हणून कूलरचा फेरा थोडाच थांबते? तो तं आणखी धड परत येते. अन् उद्यापासून अख्खा जिल्हा. मोटरीले विश्रांती. वा!"

भिंतीवर तो शब्द लुकलुकत होता.

"वहिनी," कुंदा अगदी हळू म्हणाली, "सकाळी मी कावळ्यापाशी..."

"तुमचं मागून पाहू, कुंदाताई. तुम्हाले जे सांगतलं ते तुम्ही बोलल्या." रत्ना खाली बसली, कूलरसमोर, माय निजायची तिथेच. "मी काही म्हणणार नाही आता. मी वर्षभर म्हटलं. चुकलं माहं, म्हटलं. तुमच्या पाया पडून म्हटलं, या फोटोसमोर रोज दिवा लावताना म्हटलं. रात्री अंथरुणात म्हटलं, तवा हे बाजूले होते. ऐकत होते. आता माही पाळी संपली. काय झालं ते इथं सगळ्यांले माहीत हाय. कोणीतरी तोंडानं म्हणा. नाही तं भोंगा होईपर्यंत बसा असेच."

काकूनं डोक्यावरचं फडकं काढलं, पुन्हा भिजवलं आणि न विचारता रत्नाच्या डोक्यावर ठेवलं. भूपेश आपल्या पावलांकडे बघत राहिला. कुंदा भावाकडे बघत होती. खोली तापत गेली. फोटोवरच्या हारातला मोगरा काळवंडायला लागला.

प्रल्हाद उठला. सगळ्यांना वाटलं, तो पाटी हिसकावून कूलर सुरू करणार. तो कूलरपाशी गेला आणि त्यानं ताटीवर हात ठेवला. ताटी अजून ओली होती. टाकीचं झाकण उचलून त्यानं आत पाहिलं. आजही ती काठोकाठ भरलेली होती. सकाळी कधीतरी, श्राद्धाच्या धावपळीत, कोणीतरी भरली होती. कोणी भरली हे या घरात कोणी कधी विचारलं नव्हतं.

तो वळला नाही. पाठमोराच म्हणाला,

"कुंदे, वहिनीनं टाकी भरली होती. मले तवाच वाटलं होतं. कूलर मी बंद केला. भर दुपारी, माय झोपली असताना. मोटर वाचावी म्हणून."